कुत्र्याला मासे द्यायचे असतील तर: निवड, काटे आणि प्रमाण

पुण्यात कुत्रा पाळणाऱ्या कितीतरी घरांमध्ये मासे शिजतच नाहीत. कुत्र्याचं जेवण म्हणजे चिकन-भात, दही-भात, नाहीतर पिशवीतलं कोरडं खाणं. मग कधीतरी कुत्रा सारखा खाजवायला लागतो, पंजे चाटत बसतो, केसांची चमक जाते, आणि डॉक्टर विचारतात, "चिकन थांबवून मासे देऊन बघता का?" तिथे हो म्हणून माणूस घरी येतो आणि मग प्रश्न पडतात. कुठला मासा आणायचा? कुठून? कच्चा की शिजवून? काट्यांचं काय करायचं?

हा लेख मुख्यतः अशा लोकांसाठी आहे. ज्यांच्याकडे दर रविवारी बांगडा तळला जातो त्यांनीही तो वाचावा, कारण ताटातला उरलेला तुकडा कुत्र्यापुढे टाकायची सवय अशाच घरांत असते.

मासा कुत्र्याला सहसा चांगला मानवतो. त्यातलं प्रथिन पचायला हलकं असतं, आणि तेलकट माशांमध्ये ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं असतात. त्वचेची आणि सांध्यांची सूज कमी व्हायला त्यांची मदत होते. शाकाहारी घरांत त्याऐवजी अळशीची पूड घालतात. अळशीत ओमेगा-३ असतं हे खरं, पण ते वेगळ्या रूपात असतं आणि कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए-डीएचए फारच थोडं बनतं. त्यामुळे अळशी हा माशाला पर्याय नाही.

आधी डॉक्टरांना विचारा

कुत्र्याला पूर्वी कधी स्वादुपिंडाची सूज, म्हणजे पॅन्क्रिअटायटिस, झाली असेल तर तेलकट मासा देऊ नका. किडनीच्या आजारासाठी ठरावीक आहार चालू असेल तर त्यात स्वतःहून भर घालू नका. आणि डॉक्टरांनी ॲलर्जी शोधण्यासाठी चाचणी-आहार सांगितला असेल तर तो त्यांच्याच पद्धतीने पाळा. अशा चाचणीत निदान आठ आठवडे एकच प्रथिन द्यायचं असतं. मधेच कुणी चिकनचं बिस्कीट किंवा चमचाभर दही भरवलं की काय बाधतं ते कळत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. घरातल्या आजी-आजोबांना आणि कामाच्या मावशींना हे आधीच नीट सांगून ठेवा.

कुठला मासा निवडावा

इथे जरा वेळ द्या. बरोबर मासा आणलात की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

ज्यांनी आयुष्यात मासा हातात घेतला नाही त्यांनी बासापासून सुरुवात करावी. तो गोठवलेला, कातडी आणि काटे काढलेला मिळतो, वासही कमी असतो. फक्त त्यात ओमेगा-३ फार नसतं. मासा कुत्र्याला रुचतो का आणि पचतो का हे बघायला बासा पुरेसा आहे. त्वचेसाठी देणार असाल तर पुढे तेलकट माशाकडे वळावं लागेल.

तेलकट माशांत आपल्याकडे सगळ्यात सोयीचा बांगडा. स्वस्त असतो, बहुतेक वर्षभर मिळतो आणि आकाराने लहान असल्यामुळे पाऱ्याची, म्हणजे मोठ्या माशांच्या अंगात साठणाऱ्या विषारी धातूची, काळजी कमी. तारलीही पौष्टिक, पण तिचे काटे केसासारखे बारीक आणि खूप असतात. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. रावस सुरेख. मांसाचे मोठे पदर सुटतात, काटे सहज दिसतात, मात्र भाव चढा असतो. गोड्या पाण्यातली चिलापी, म्हणजे तिलापिया, तेलकट नाही, पण बासासारखा तोही चांगला पर्याय आहे. उजनीच्या जलाशयातली चिलापी भिगवणच्या बाजारात येते. तिच्या मांसात आडवेतिडवे काटे नसतात, त्यामुळे मधला काटा आणि बरगड्या काढल्या की दोन्ही बाजू बऱ्यापैकी मोकळ्या होतात.

रोहू आणि कटला पुण्यात सगळीकडे मिळतात, म्हणून लोक पहिल्यांदा तेच आणतात. कुत्र्यासाठी ते नकोत. या माशांमध्ये पाठीच्या काट्याला न जोडलेले, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दुहेरी टोकांचे काटे मांसात मोकळे रुतलेले असतात. मधला काटा उचलला तरी ते आतच राहतात. करली आणि पाला या समुद्री माशांचंही तेच. मांदेली म्हणजे काट्यांचाच मासा. शिंगाळ्याच्या परांना कडक, दातेरी काटे असतात, तो घरात आणूच नका.

मोरीबद्दल वेगळं सांगायला हवं. मोरी म्हणजे लहान शार्क. तिला हाडं नसतात, कूर्चा असते. त्यामुळे कोकणातून आलेली मंडळी "कुत्र्याला मोरी द्या, काट्याची भीती नाही" असं हमखास सांगतात. काट्यापुरतं ते बरोबर आहे. पण दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो, आणि मोरी त्यातलीच. मोठी सुरमई आणि कुपा, म्हणजे ट्यूना, यांचंही तसंच आहे. घरात सुरमई आलीच तर एखादा तुकडा दिल्याने काही होणार नाही, पण आठवड्यामागून आठवडे द्यायचा मासा लहान असावा.

डब्यातला मासा घ्यायचा तर पाण्यातला, मीठ न घातलेला. मिठाच्या पाण्यातला किंवा तेलातला नको. 'रेडी टू कूक' म्हणून मसाला लावून ठेवलेले तुकडे तर अजिबात नकोत, त्यात लसूण असतोच.

बाजारात गेल्यावर

गणेश पेठेतला मासळी बाजार, कॅम्पातलं शिवाजी मार्केट, खडकी बाजार, नाहीतर आपल्या भागातली माहितीची मासेवाली. कुठूनही घ्या, पण सकाळी घ्या आणि बर्फात ठेवलेला घ्या. ताजा मासा ओळखायला तीन गोष्टी पुरतात. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, खोल गेलेला आणि पांढुरका नसावा. कल्ला उचलून बघावा, आतून लालभडक दिसायला हवा. आणि बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं, खड्डा राहता कामा नये.

बर्फाचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा हे मासे उन्हात किंवा नुसत्या टोपलीत राहिले की त्यांच्या मांसात जीवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. हे हिस्टामिन उकळल्याने जात नाही. माणसाला त्याने अंगावर पित्त उठतं, चेहरा लाल होतो. कुत्र्यालाही उलट्या-जुलाब होऊ शकतात. घरी शिजवायचाच आहे, मग थोडा शिळा चालेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

विकणाऱ्या मावशींना काय सांगायचं? "मावशी, तुकड्या नका करू. खवलं काढा, डोकं आणि पोट साफ करा, मधला काटा काढून दोन बाजू वेगळ्या द्या." आडव्या तुकड्या केल्या की काटेही कापले जातात आणि प्रत्येक तुकडीत त्यांची लहान लहान टोकं राहतात, जी नंतर शोधणं फार कठीण जातं. बांगडा लहान असेल तर बाजू काढून मिळणार नाहीत. तो नुसता साफ करून अख्खा आणा.

जून आणि जुलैमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत पुण्यात येणारा समुद्री मासा बराचसा गोठवलेला किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेला असतो. तेव्हा चिलापी किंवा चांगला गोठवलेला बासा घेतलेला बरा. शहरातून वाहणाऱ्या मुळा-मुठेत कुणी गळ टाकून पकडलेला मासा मात्र कोणत्याही महिन्यात नको. त्या पाण्यात काय काय सोडलं जातं ते आपण रोज पुलावरून जाताना बघतो.

कच्चा का नको

कुत्र्याचे पूर्वज कच्चंच खायचे, हा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. माशाच्या बाबतीत तो ऐकू नका. कच्च्या माशात पट्टकृमी आणि गोलकृमींच्या अळ्या असू शकतात. काही माशांत, रोहूच्या कुळातलेही त्यात आले, थायमिनेज नावाचं द्रव्य असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, आणि असा कच्चा मासा सतत खाल्ला तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊन तोल जाणं, झटके येणं इथपर्यंत वेळ येऊ शकते. शिजवल्यावर थायमिनेज निकामी होतं. उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलं तर कृमी मरतात, पण घरातला फ्रीजर दिवसातून अनेकदा उघडला जातो, त्याच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. शिवाय गोठवल्याने थायमिनेज जात नाही आणि सगळे जीवाणूही मरत नाहीत. शिजवण्याला दहा मिनिटं लागतात. ती वाचवण्यात काही अर्थ नाही.

शिजवण्याची रीत

पातेल्यात मासा बुडेल इतकं पाणी उकळा, मासा सोडा, आच मंद करा, झाकण ठेवा. बासाची किंवा चिलापीची बाजू सात-आठ मिनिटांत होते, अख्ख्या बांगड्याला दहा मिनिटं लागतात. मांस अपारदर्शक झालं आणि काट्यापासून आपोआप सुटू लागलं की झालं. इडलीपात्रात वाफवलं तरी चालतं. मीठ नाही, तेल नाही, तिखट नाही, आलं-लसूण नाही. चिमूटभर हळद घातली तर बिघडत नाही, पण गरजही नाही. ज्या पाण्यात मासा शिजला ते गाळून भातावर घाला. घरात वेगळ्या भांड्याचा प्रश्न असेल तर एक पातेलं आणि एक ताटली कुत्र्याच्या नावाने बाजूला काढा, वादच मिटतो.

काटे काढणे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. मासा शिजला की काटा मऊ होतो असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो कोरडा आणि ठिसूळ होतो, चावल्यावर त्याचे टोकदार तुकडे पडतात. त्यातून कुत्रा फारसा चावत नाही, गिळतो.

मासा कोमट होऊ द्या. गरम माशात घाईने हात घातला की मांसाचा चुरा होतो आणि काटे त्यात मिसळून जातात. बांगडा पांढऱ्या ताटात आडवा ठेवा. आधी पाठीवरचा आणि पोटाखालचा पर चिमटीत धरून ओढा, त्यांच्या मुळाशी असलेली छोटी काट्यांची रांग सोबत निघून येते. मग पाठीच्या रेषेवर अंगठ्याने हलकेच दाबत वरची बाजू सोडवून पलटा. मधला काटा उघडा पडेल. शेपटीकडून तो धरून डोक्याच्या दिशेने उचला, बहुतेक वेळा अख्खा येतो.

काम इथे संपलं असं वाटतं, पण दोन जागा राहिलेल्या असतात. एक म्हणजे पोटाकडचा पातळ भाग. तिथे बरगड्यांचे वाकडे, बारीक काटे चिकटून राहतात. ती पट्टी बोटभर रुंदीची असते. ती सरळ काढून टाका, निवडत बसू नका. दुसरी जागा बाजूच्या बरोबर मध्यावरची गडद तपकिरी मांसाची रेघ. तिच्या कडेने, डोक्याकडच्या अर्ध्या भागात, छोटे काटे उभे रुतलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात. म्हणून मांस थोडं थोडं अंगठा आणि तर्जनीमध्ये चुरडत जा. पिठात खडा लागावा तसा काटा लगेच जाणवतो. सगळं एकदा असं चुरडून झालं की ताट फिरवून पुन्हा एकदा चुरडा. चष्मा लागत असेल तर लावा, फोन दूर ठेवा.

'बोनलेस' लिहिलेल्या पाकिटातल्या माशालाही हाच नियम. त्यात काटा सापडणं दुर्मीळ नाही.

प्रेशर कुकरमध्ये खूप शिट्ट्या काढून काटे विरघळवायची युक्ती सांगितली जाते. डब्यातल्या लहान माशांचे काटे त्यामुळेच मऊ असतात, हे खरं. पण घरच्या कुकरला सगळे काटे सारखे मऊ होत नाहीत, आणि एक कडक राहिलेला पुरतो. काटे काढूनच द्या.

पहिल्यांदा किती आणि नंतर किती

पहिल्या दिवशी लहान कुत्र्याला एक चमचा, मोठ्याला दोन चमचे, नेहमीच्या जेवणात मिसळून. दुसरं काहीही नवीन त्याच आठवड्यात सुरू करू नका. पुढचे दोन-तीन दिवस शी पातळ होते का, उलटी होते का, कान-पंजे जास्त खाजवतो का, बघा. ठीक असेल तर हळूहळू वाढवा.

रोजच्या खाण्यात जी वरची भर असते ती एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, हा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण नियम. त्या हिशेबाने पाच किलोच्या पॉमेरेनियनला एका दिवशी शिजवलेला बासा किंवा चिलापी साधारण ३५ ग्रॅम, बांगडा असेल तर २० ग्रॅम. दहा किलोच्या पगला ६० आणि ३० ग्रॅम. अठरा किलोच्या देशी कुत्र्याला ९५ आणि ५०. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला १४० आणि ७०. लॅब्रॅडॉर यापेक्षा खूप जास्त मागेल, त्याच्या मागण्यावर जाऊ नका. तेलकट मासा आठवड्यातून दोनदा पुरे.

मासा आणि भात हेच रोजचं पूर्ण जेवण करायचं मनात असेल तर थांबा. काटे काढलेल्या माशात कॅल्शियम फार कमी असतं, आणि वाढत्या पिल्लांची हाडं अशा जेवणावर कमकुवत होतात. त्यासाठी डॉक्टरांकडून नीट आखलेला आहार आणि पूरक औषधं लागतात.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांचंही वजनाप्रमाणे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. कॉड लिव्हर ऑइल हे त्याच कामाचं समजून घेऊ नका. त्यात ए आणि डी जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ती दोन्ही शरीरात साठून बाधतात.

आपल्या ताटातलं नको

आपल्या कालवणात कांदा-लसणाचं वाटण असतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात; कच्चा, शिजवलेला, तळलेला, पूड केलेला, कुठल्याही रूपात. त्रास त्याच दिवशी दिसेल असं नाही. काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर रविवारचं कालवण कुणाच्या लक्षातही नसतं. तुकडी धुऊन दिली तरी रस आत मुरलेला असतो. रवा लावून तळलेल्या तुकडीतलं तेल स्वादुपिंडाला जड जातं. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा यांत मीठ फार. कुत्र्याचा वाटा आधी, वाटण पडण्याच्या अगोदर, कच्चाच बाजूला काढायचा आणि वेगळा शिजवायचा, एवढी सवय घरात लागली की झालं.

काटा अडकला तर

कुत्रा अचानक पंजाने तोंड खाजवतो, लाळ गाळतो, मान लांबवून पुन्हा पुन्हा गिळतो, ओकारी येते पण काही पडत नाही, समोरचं आवडतं खाणं नाकारतो. ही लक्षणं दिसली की तोंड उघडून बघा. काटा पुढे, जिभेवर किंवा हिरडीत स्पष्ट दिसत असेल आणि कुत्रा शांत असेल तरच चिमट्याने काढा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, काटा आणखी खाली जातो.

माणसाच्या घशात काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला देतात. कुत्र्यावर हा उपाय करू नका. काटा अन्ननलिकेत आणखी रुतू शकतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, वर येताना टोकदार काटा दुसऱ्यांदा जखम करतो, आणि तेवढं मीठ स्वतःच विषारी ठरू शकतं. खायला-प्यायला काही न देता दवाखाना गाठा. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील तर फोन रिक्षात बसल्यावर करा. डॉक्टरांना कुठला मासा, किती वाजता, हे सांगा. माशाचा काटा एक्स-रेत दरवेळी दिसत नाही, त्यामुळे भूल देऊन दुर्बिणीने बघावं लागू शकतं.

काटा पोटात गेला आणि कुत्रा अगदी नेहमीसारखा असेल तरी डॉक्टरांना फोन करून ठेवा. पुढचे दोन-तीन दिवस पोट दुखणं, कुंथणं, काळी किंवा रक्ताची शी, उलट्या यावर लक्ष ठेवा. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठला, हे मासा आणायच्या आधीच शोधून नंबर फोनमध्ये ठेवा.

डोकी, काटे आणि कचऱ्याचा डबा

ताटलीत काळजीने निवडलेला मासा देऊन झाल्यावर तोच कुत्रा रात्री कचऱ्याच्या डब्यातून डोकी आणि काटे काढून खातो, असं फार घरांत होतं. काटे, खवलं, कातडी कागदात घट्ट गुंडाळा, पुडकं एखाद्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई आल्या की ओल्या कचऱ्यात द्या. घरभर वासही सुटत नाही.

फिरायला नेताना मासळी बाजाराजवळचा रस्ता टाळलेला बरा. तिथे जमिनीवर काटे पडलेलेच असतात. कुत्र्याने काही तोंडात धरलं तर ओढाताण करू नका, तो घाईने गिळून टाकतो. खिशात त्याच्या आवडीचा खाऊ ठेवा, तो नाकाशी धरा आणि तोंडातलं सुटलं की पायाखाली दाबा. गल्लीतल्या कुत्र्यांना उरलेले काटे आणि डोकी टाकणाऱ्यांनाही हे सांगा. त्यांच्या घशात काटा अडकला तर त्यांना दवाखान्यात न्यायला सहसा कुणी नसतं. त्यांच्यासाठी दोन मूठ भात आणि काटे काढून शिजवलेला, बिनमसाल्याचा मासा एका कागदावर ठेवा, आणि खाऊन झाल्यावर कागद उचला.